काटा मारणाऱ्या फॉर्मवाल्या साहेबांस

साहेब,

पत्राच्या सुरुवातीला 'सा. न. वि. वि.' लिहायची आपली रीत आहे. ती मी जाणूनबुजून सोडली. ज्याला समोरासमोर नमस्कार करायला हात वर होत नाहीत, त्याला कागदावर कशाला करायचा?

कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यात, हायवे ९९ च्या कडेला, ट्रक उभे करायच्या यार्डाला लागून तुमचं ऑफिस आहे. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत तुमची जाहिरात असते, 'फॉर्म २२९०, दहा मिनिटांत शिक्का'. मी याच खोऱ्यात ट्रकवाल्यांचे हिशेब लिहिते. तुमच्या दहा मिनिटांनी केलेला घोळ निस्तरायला लोक माझ्याकडे येतात. बहुतेक पंजाबी, काही मेक्सिकन, आणि आता एखादं मराठी घरसुद्धा. तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. पत्र वाचताना ते तुमचं तुम्हाला कळेल.

तुमचा गुन्हा वाचणाऱ्यांना नीट समजावा म्हणून आधी हा कर काय आहे ते सांगते. अमेरिकेत ५५,००० पौंड किंवा त्याहून जास्त, म्हणजे साधारण २५ टनांपासून पुढे करपात्र वजन असलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची, तर केंद्र सरकारला दरवर्षी रस्तावापराचा कर द्यावा लागतो. त्याचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि पुढच्या ३० जूनला संपतं. गाडी जुलैत रस्त्यावर आली तर ३१ ऑगस्टपर्यंत फॉर्म २२९० भरायचा. ५५,००० पौंडांना १०० डॉलर, त्यापुढच्या प्रत्येक हजार पौंडांना २२ डॉलर, आणि ७५,००० च्या वर गेलं की सरसकट ५५०. प्रत्येक पायरीला एक अक्षर आहे, ए पासून व्ही पर्यंत. दर १९८४ च्या कायद्याने ठरले, ते आजही तेच आहेत. कर भरला की शेड्यूल वन नावाच्या कागदावर शिक्का मिळतो, आणि तो दाखवल्याशिवाय गाडीची राज्यातली नोंदणी पुढे सरकत नाही.

इतकं सोपं काम. त्यात विचारायचा प्रश्न एकच, गाडीचं करपात्र वजन किती? आणि नेमका तोच प्रश्न तुम्ही विचारत नाही.

लोडायजवळ राहणाऱ्या एका ट्रकमालकाचा कागद माझ्या टेबलावर आला, तेव्हा मी तो दोनदा वाचला. एकच गाडी, स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. मागे ५३ फुटी रीफर, म्हणजे थंडगार ट्रेलर. द्राक्षं, टोमॅटो, कधी बदाम घेऊन पूर्वेला जातो. आणि शेड्यूल वनवर त्याच्या गाडीपुढे अक्षर ए. ५५,००० पौंड. शंभर डॉलर.

हे ए कुठून आलं, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, साहेबांनी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी बघितली. तिच्यावर ५२ हजार आणि काहीतरी होतं. ते म्हणाले, हे तर ५५ च्या आतच आहे, पण नोंदणीसाठी शिक्का लागतो, तर सर्वांत खालची पायरी घेऊ, साडेचारशे वाचतील.

साहेब, त्या पट्टीवरचा आकडा एकट्या पुढच्या गाडीचा असतो. तिची चाकं, आस आणि चौकट किती भार सोसतील हे कारखान्याने त्यावर लिहिलेलं असतं. त्याच्याशी या कराचा संबंध नाही. करपात्र वजन तीन गोष्टी मिळून होतं. पूर्ण सज्ज पण रिकाम्या गाडीचं वजन, तिला नेहमी जोडतात त्या ट्रेलरचं रिकामं वजन, आणि या जोडीवर एरवी जो जास्तीत जास्त माल लादतात त्याचं वजन. या माणसाची गाडी साधारण १८,००० पौंड, रीफर १६,००० च्या आसपास, माल ४३,०००. बेरीज ७७,०००. अक्षर व्ही. हे समजायला ना वकील लागतो ना चार्टर्ड अकाउंटंट. 'बाबा, तू काय वाहून नेतोस?' एवढं विचारावं लागतं.

आणि विचारायची लाज वाटत असेल, तर त्याचं कॅब कार्ड मागायचं होतं. अनेक राज्यांत चालणाऱ्या गाडीचं नोंदणीपत्र ते, त्यावर प्रत्येक राज्यासाठी जाहीर केलेलं वजन छापलेलं असतं. त्याच्या कार्डावर ओळीने ८०,००० होतं. फॉर्मच्या सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलंय की नोंदणीसाठी कुठल्याही राज्यात गाडीचं ठरावीक वजन जाहीर केलं असेल, तर करपात्र वजन त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा कमी असता कामा नये. जोडगाडीला जोडीचं एकत्र वजन. म्हणजे हिशेब मांडायचीही गरज नव्हती. कार्ड बघा, ८०,००० वाचा, व्ही लिहा. तुमच्या जाहिरातीतल्या दहा मिनिटांतलं अर्धं मिनिटही त्याला पुरलं असतं.

तुम्ही मूळचे सांगलीकडचे, असं ऐकते. मग साखर कारखान्याच्या काट्यावरची काटामारी तुम्हाला मी सांगायला नको. शेतकरी उसाची गाडी घेऊन रात्रभर रांगेत थांबतो आणि काट्यावरचा माणूस त्याच्या घामाचे चार क्विंटल गिळतो. तिथे निदान शेतकऱ्याला कळतं की आपण लुटलो गेलो. तुमच्या काट्यावर आकडा कमी पडला की माणूस खूश होऊन पेढे देऊन जातो, कारण त्याला वाटतं साडेचारशे डॉलर वाचले. त्याने काय सही केली ते त्याला महिन्यांनी कळतं.

सहीचं बोलू. फॉर्म २२९० वर सहीच्या वर छापलेलं असतं की मी हे खोट्या शपथेच्या शिक्षेची जाणीव ठेवून जाहीर करतो. त्याखाली सही त्या ट्रकमालकाची. तुमची नाही. पैसे घेऊन फॉर्म भरणाऱ्याने स्वतःचं नाव, सही आणि आयआरएसने, म्हणजे इथल्या केंद्रीय करखात्याने, दिलेला तयारकर्त्याचा नंबर लिहायची वेगळी जागा त्याच पानावर आहे. त्याच्या प्रतीवर ती जागा कोरी होती. नंतर तुमच्याकडून आलेल्या दुसऱ्या दोघांच्या प्रती मी मागवून पाहिल्या. त्याही कोऱ्या. म्हणजे तुम्हाला आपण काय करतो आहोत ते पक्कं ठाऊक आहे. पैसे रोख घ्यायचे, आकडा स्वतः टाकायचा आणि कागदावरून स्वतः पुसले जायचं. आयआरएस अशा सही न करणाऱ्यांना भूत म्हणते आणि त्यांच्यापासून सावध राहायला दरवर्षी लोकांना बजावते. तुम्हाला यापेक्षा सभ्य नाव द्यायची माझीही इच्छा नाही.

आता पुढचं. डिसेंबरात त्या माणसाच्या नोंदणीचं नूतनीकरण आलं. खिडकीवरच्या बाईंनी शेड्यूल वन आणि कॅब कार्ड शेजारी-शेजारी ठेवलं. एकावर ५५,०००, दुसऱ्यावर ८०,०००. त्यांनी कागद परत केले. बरोबरच केलं त्यांनी. त्याचा माल ठरलेला होता, नाताळच्या आधीचा, वर्षातल्या चांगल्या भाड्याचा. गाडी यार्डात उभी राहिली. गाडीचा हप्ता उभा राहत नाही, विमा उभा राहत नाही. बायको फोनवर विचारत होती कधी निघणार, आणि हा तुमच्या ऑफिसबाहेर उभा होता, कारण तुम्ही त्या दिवशी दुपारनंतर आलात.

आणि आल्यावर तुम्ही त्याला जो सल्ला दिलात, त्यामुळे मला हे पत्र लिहावं लागतंय. पहिली चूक मी अज्ञानाच्या खात्यावर टाकली असती. पट्टी आणि करपात्र वजन यांत गोंधळ करणारे आणखीही आहेत. पण तुम्ही त्याला म्हणालात, 'काळजी करू नका, वजन डिसेंबरमध्ये वाढलं असं दाखवू. मग सगळे पैसे भरावे लागत नाहीत.'

या वाक्यातली चलाखी वाचणाऱ्यांच्या लक्षात यावी म्हणून सांगते. वर्षाच्या मध्ये गाडीचं वजन खरोखर वाढू शकतं. कुणी लहान ट्रेलर सोडून मोठा घेतो, कुणी हलका माल सोडून लोखंड वाहायला लागतो. त्यासाठी फॉर्ममध्ये सोय आहे. अमेंडेड रिटर्नच्या चौकटीत खूण करायची, शेजारी वजन वाढलेला महिना लिहायचा, आणि नव्या व जुन्या पायरीतला फरक उरलेल्या महिन्यांपुरता भरायचा. वाढ झाली त्याच्या पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत हे करायचं. सरकारने हे प्रामाणिक माणसासाठी ठेवलं आहे. ज्याने सहा महिने हलका माल नेला, त्याने सहा महिन्यांचे जास्त पैसे का द्यावेत?

ए ते व्ही हा पूर्ण वर्षाचा फरक ४५० डॉलर. डिसेंबर लिहिला की उरतात सात महिने, म्हणजे २६२ डॉलर ५० सेंट. उरलेले १८७ डॉलर ५० सेंट तुम्ही त्याला वाचवून देणार होता. पण त्या माणसाच्या गाडीत डिसेंबरात काय बदललं होतं? गाडी तीच, रीफर तोच. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याने द्राक्षं भरली, त्या मालाची पावती माझ्यासमोर आहे. तिच्यावर ४२ हजारांच्या वरचा आकडा आहे. म्हणजे पहिल्या दिवसापासून गाडी व्ही मध्येच होती. तुम्ही जिला दुरुस्ती म्हणत होता, ती दुसरी खोटी शपथ होती. पहिल्या वेळी निदान आकडा न विचारता टाकलात, दुसऱ्या वेळी खरा आकडा माहीत असून खोटा महिना टाकणार होतात. आणि सही पुन्हा त्याचीच.

या खोट्याला पुरावा शोधायला फार लांब जावं लागत नाही. मालाच्या पावत्या असतात. ट्रक स्टॉपवरच्या काट्याच्या चिठ्ठ्या असतात, पुढच्या चाकांवर किती, मधल्यांवर किती, ट्रेलरच्या चाकांवर किती, तारीख-वेळेसकट. ड्रायव्हरची लॉगबुकं असतात. कराचे कागद किमान तीन वर्षं जपून ठेवायचे असतात. तपासणीस आला तर तो हे सगळं त्या ट्रकवाल्याच्या घरी येऊन मागेल. तुमच्याकडे यायला त्याच्याजवळ तुमचं नाव कुठे आहे?

त्याची दुरुस्ती शेवटी माझ्या ऑफिसात झाली. महिना जुलै, अक्षर व्ही, फरक ४५० डॉलर पूर्ण. दंड-व्याजाचं काय ते येईल. नोटीस आली तर काय घडलं ते जसंच्या तसं लेखी कळवायचं ठरलंय, योग्य कारण असेल तर दंड माफ करायची तरतूद आहे. फॉर्म ऑनलाइन गेला आणि नवीन शिक्क्याचा कागद लगेच हातात आला. तो घेऊन तो माणूस नोंदणीच्या खिडकीवर गेला. पण नाताळच्या आधीचा माल तोवर दुसऱ्याने उचलला होता. तो तुम्ही त्याला भरून देणार आहात का?

उलट्या बाजूची चूकही तुमच्या खात्यावर आहे. तीन आसांची एक गाडी, ट्रेलर नाही, मोडेस्टोच्या आसपास बांधकामाचा माल टाकते. नोंदणी ६०,००० पौंडांची, माल त्याच्या आतच. तिला तुम्ही व्ही लावला, कारण त्या दिवशी तुमच्या पडद्यावर आधीच्या माणसाचा व्ही होता. ६०,००० ची पायरी एफ, कर २१०. तिच्या मालकाने ५५० भरले. ३४० डॉलर जास्त. तो विचारायला आला तेव्हा तुम्ही म्हणालात, 'पुढच्या वर्षी वळते करू.' चुकीने जास्त भरलेला कर पुढच्या फॉर्म २२९० वर असा वळता होत नाही. त्यासाठी वेगळा फॉर्म ८८४९ आणि त्याला जोडायची सहा नंबरची पुरवणी आहे, त्यावर परतावा मागायचा असतो. तुम्ही सांगितलेली वाट त्या माणसाने धरली असती, तर पुढच्या वर्षी ते ३४० कुठेच दिसले नसते आणि तुम्ही 'आयआरएसवाले असेच' म्हणून मान हलवली असती.

गाडीच्या नंबरातली चूक मात्र तुम्ही लगेच सुधारता, हे मी मान्य करते. १७ अक्षरांच्या त्या नंबरात शून्याच्या जागी ओ पडला, की नंबर दुरुस्तीच्या चौकटीत खूण करून, कारण लिहून दुसऱ्या दिवशी देता. कारण नंबर चुकला की नोंदणी जागच्या जागी अडते आणि बोभाटा होतो. वजन चुकलं तर बोभाटा व्हायला वेळ लागतो. तोवर तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाची फी मोजत असता.

'सरकारचं काय जातं दोन-चारशे डॉलरने', असं तुम्ही म्हणता, हे मला दोघांनी सांगितलं. काय जातं ते ऐका. हा कर १९५६ चा आहे. आयसेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असताना आंतरराज्य महामार्गांचं जाळं बांधायचं ठरलं, त्याच्या पैशासाठी महामार्ग निधी उभा केला आणि जड गाड्यांवर हा कर बसवला. तेव्हा २६,००० पौंडांच्या वरच्या गाडीला दर हजार पौंडांमागे दीड डॉलर होता. जड गाडीच का? त्याचं उत्तर लगेचच मिळालं. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉयमध्ये ओटावा गावाजवळ खास रस्ते बांधून त्यांवर दिवसरात्र ट्रक फिरवले आणि कुठला भार रस्त्याला किती खातो ते मोजलं. एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती साधारण सोळा पट होते, असा त्यातून निष्कर्ष निघाला. रस्ता कोण किती झिजवतो ते वजनाच्या त्या एका रकान्यावरून ठरतं. तो रकाना तुम्ही अंदाजाने भरता, आणि पुन्हा हायवे ९९ वरच्या खड्ड्यांबद्दल मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर तक्रारी टाकता. त्या तक्रारी मी वाचल्या आहेत.

आणि ज्याने खरा आकडा लिहिला त्याचं काय? तुमच्या ऑफिससमोरच्या यार्डात बाजूबाजूला दोन गाड्या उभ्या असतात. तोच माल, तेच वजन. एकाने ५५० भरले, दुसऱ्याने तुमच्या हातून १००. भाडं डिझेलच्या भावावर आणि मैलाच्या सेंटावर ठरतं, तिथे प्रामाणिक माणसाला साडेचारशे डॉलरने मागे पाडायचं काम तुम्ही केलंत. त्याला ते माहीतही नाही.

तुम्ही म्हणाल, लोकच सांगतात कमी टाका. सांगतात, मलाही सांगतात. पण समोरचा इंग्रजी वाचू शकत नाही म्हणून तुमच्याकडे आलेला असतो. त्याला वाटतं की जे कायद्यात बसतं तेवढंच साहेब करतील. 'भाऊ, हे बसत नाही, तुझी गाडी व्ही मध्येच येते' एवढं सांगायची तुमची फी आहे. तेवढं सांगायला जीभ अडखळत असेल तर धंदा बंद करा. ट्रकच्या यार्डाशेजारी चांगलं जेवण देणारी खानावळ नाही. तिथे तुमचा उपयोग होईल.

आता माझी मागणी.

तुमच्याकडे गेल्या तीन वर्षांत ज्यांनी फॉर्म भरले त्यांची यादी तुमच्याकडे आहेच, दरवर्षी जुलैत 'रिन्यू करा' म्हणून त्यांना मेसेज टाकता. या वेळी त्याच यादीला वेगळा मेसेज टाका. प्रत्येकाला कॅब कार्ड किंवा नोंदणीपत्र घेऊन बोलवा. त्यावरचं सर्वांत मोठं वजन आणि शेड्यूल वनवरचं अक्षर जुळतं का ते त्याच्यासमोर बघा. एरवी किती माल लादतो हे तोंडाने विचारा. कमी लिहिलं असेल तर खरा महिना टाकून दुरुस्तीचा फॉर्म भरा आणि कराचा फरक किती, तो का, हे त्याला त्याच्या भाषेत समजवा. जास्त लिहिलं असेल तर ८८४९ भरून त्याचे पैसे मागवा. यातल्या एकाही कामाची फी घेऊ नका. ती तुम्ही पहिल्याच दिवशी घेतली आहे. आणि प्रत्येक फॉर्मवर तयारकर्त्याच्या जागी तुमचं नाव, सही, नंबर लिहा.

लोडायचा तो ट्रकमालक आणि मोडेस्टोचा तो माणूस, दोघांनी आपल्या कागदांच्या प्रती मला दिल्या आहेत आणि त्या वापरायची परवानगीही. आयआरएसकडे तयारकर्त्याविरुद्ध तक्रार करायचा फॉर्म १४१५७ आहे. तो मी भरून ठेवला आहे. ३१ ऑगस्टपर्यंत तुमच्या यादीतल्या लोकांना तो मेसेज गेलेला दिसला नाही, तर १ सप्टेंबरला सकाळी तो पोस्टात पडेल. माझं नाव त्यावर पूर्ण लिहिलेलं आहे, सहीसकट.

– मधल्या खोऱ्यात हिशेब लिहिणारी एक मराठी बाई